बिऱ्हाड पाठीवर, बिऱ्हाड डिकीत

गणपती होऊन गेले, ऑक्टोबरात घड्याळं तासभर पुढे सरकली आणि संध्याकाळी अंगणात उजेड रेंगाळायला लागला, की आमच्याकडे एक ठराविक फोन यायला लागतो. “अगं, यंदा ख्रिसमसच्या सुट्टीत कॅम्पिंगला जायचं म्हणतोय. मुलं मागेच लागली आहेत. तंबू कुठला घेऊ?” फोन करणारी मंडळी बहुधा तीन-चार वर्षांपूर्वी इथे आलेली असतात. घर, गाडी, मुलांच्या शाळा मार्गी लागलेल्या असतात आणि सोमवारी वर्गात “वीकएंडला काय केलंत?” या प्रश्नाला आपल्या मुलांकडे उत्तर नसतं. मग कॅम्पिंग निघतं. मला विचारायचं कारण एवढंच, की लग्नाआधी मी पुण्याच्या एका ग्रुपबरोबर सह्याद्रीत पुष्कळ भटकले आणि मेलबर्नला आल्यावर आमचं चौघांचं कुटुंब गेली वीसेक वर्षं तंबूत झोपत आलं आहे. यंदा संपादकांनी गळ घातली की एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा लिहूनच काढा. म्हणून हा प्रपंच.

तंबू कुठला घेऊ, या प्रश्नावर माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो. बिऱ्हाड पाठीवर की डिकीत? म्हणजे गाडी थेट तंबूच्या दारापर्यंत जाणार, की गाडी कुठेतरी सोडून सगळं सामान खांद्यावर घेऊन चालायचं? पहिलं कार कॅम्पिंग, दुसरं बॅकपॅकिंग. इथले जुने लोक त्याला बुशवॉकिंग म्हणतात. दुकानात दोन्हीचं सामान एकाच रांगेत मांडलेलं असतं आणि नव्या माणसाचा गोंधळ तिथेच सुरू होतो. खरं म्हणजे हे दोन वेगळे संसार आहेत. एकात वजनाला किंमत नाही, दुसऱ्यात प्रत्येक ग्रॅमचा हिशेब. एकाचं सामान दुसऱ्यात वापरता येतं ते फार थोडं: हेडटॉर्च, चमचे आणि माकडटोपी.

त्यातून आपण मराठी माणसं, विशेषतः थोडेफार ट्रेक केलेले, एक समजूत घेऊन येतो. “आम्ही राजगडावर काय नेत होतो? एक सॅक, एक चादर आणि बाटलीभर पाणी!” हे अगदी खरं आहे. पण ते का चालायचं, याचा विचार आपण करत नाही. राजगडावर पद्मावतीच्या देवळात पथारी पसरता यायची. हरिश्चंद्रगडावर गुहा होत्या. गडोगडी खडकात कोरलेली पाण्याची टाकी होती. आणि वर काहीच नसलं तरी खालच्या वाडीत कुणाच्या तरी ओसरीवर जागा मिळायची, पिठलं-भाकरी मिळायची. लेणी कोरणाऱ्यांनी आणि किल्ले बांधणाऱ्यांनी आपलं निम्मं गिअर शेकडो वर्षांपूर्वीच डोंगरात खोदून ठेवलं आहे, म्हणून आपली सॅक हलकी होती! ऑस्ट्रेलियाचा डोंगर असं काही देत नाही. छप्पर, पाणी, जेवण, ऊब सगळं आपल्याबरोबर जातं. जे नेलं नाही ते तिथे नाही.

आता आधी डिकीतलं बिऱ्हाड, कारण बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते आणि ती तिथूनच व्हावी.

तंबूवर “चार माणसांचा” असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ चार माणसं खांद्याला खांदा लावून, कूस न बदलता, सामान बाहेर ठेवून झोपली तर मावतील. मुंबईच्या लोकलमध्ये जसे तिघांच्या बाकावर चौघे मावतात, तसा हा हिशेब. चौघांच्या कुटुंबानं सहाचा घ्यावा. भारतातून आई-वडील येणार असतील तर त्यांच्यासाठी आठाच्या महालापेक्षा एक वेगळा छोटा तंबू घ्यावा आणि तो उभं राहून आत जाता येईल असा असावा. सत्तरीतल्या माणसाला रात्री दोनदा रांगत बाहेर यायला लावणं काही बरोबर नाही. तंबू आणला की आधी घरामागच्या अंगणात उभारून बघायचा आणि पाण्याच्या पाइपनं वरून पाऊस पाडायचा. कॅनव्हासचा असेल तर हे करायलाच हवं. पाण्यानं धागे फुगतात आणि शिवणीची भोकं बुजतात. एकदा-दोनदा भिजवून पूर्ण वाळवला की मगच तो खऱ्या पावसाला तोंड देतो. बरोबर मिळणाऱ्या बारीक तारेच्या खुंट्या बदलून टाका. समुद्रकाठच्या रेतीला लांब, रुंद खुंट्या लागतात, त्या वेगळ्या विकत मिळतात.

कॅनव्हासवरून स्वॅगची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कॅनव्हासच्या खोळीत गादी घालून गुंडाळलेलं हे अंथरूण म्हणजे शुद्ध आपली वळकटी. ज्यांनी एस.टी.च्या टपावर किंवा रेल्वेच्या बाकाखाली होल्डॉल पाहिला आहे त्यांना ते पाहताक्षणी ओळखू येईल. एकोणिसाव्या शतकात कामाच्या शोधात मेंढ्यांच्या एका स्टेशनावरून दुसऱ्यावर पायी जाणारे मजूर आपली वळकटी पाठीला बांधून फिरत, म्हणून त्यांना स्वॅगमन म्हणत. बँजो पॅटरसननं १८९५ साली क्वीन्सलंडात विंटनजवळच्या एका स्टेशनावर लिहिलेल्या ‘वॉल्टझिंग मटिल्डा’तली मटिल्डा ही कुणी बाई नाही, ती हीच वळकटी! आपली मुलं शाळेत हे गाणं शिकून येतात, त्यांना हे जरूर सांगा. गंमत अशी की पायी फिरणाऱ्या माणसाच्या नावानं ओळखली जाणारी ही वस्तू आता इतकी जाडजूड झाली आहे, की कित्येकींचं वजन दहा किलोच्या वर जातं आणि ती यूटच्या मागे बसूनच प्रवास करते. एकट्या-दुकट्या तरुणाला कार कॅम्पिंगसाठी स्वॅगसारखी सोय नाही. कुटुंबाला तंबूच बरा.

अंथरुणाचं म्हणाल, तर डिकीत जागा असेल तोवर गोधडी न्या. हे मी हौसेनं सांगत नाही. हवा भरलेल्या गाद्या सर्रास वापरल्या जातात, पण त्यांच्या पोटात नुसती हवा असते आणि ती रात्री जमिनीइतकीच गार होते. पाठीखालून थंडी चढते. वर कितीही पांघरा, उपयोग नाही. गादीवर एक जाड गोधडी अंथरली की तो प्रश्न सुटतो. आमच्या सासूबाईंनी नऊवारी लुगड्यांची शिवलेली गोधडी मरे नदीपासून ग्रॅम्पियन्सपर्यंत सगळीकडे जाऊन आली आहे, आणि शेजारच्या तंबूतल्या ऑस्ट्रेलियन बायकांनी ती हातात घेऊन, टाके मोजून पाहिली आहे.

स्वयंपाकाच्या बाबतीत आपल्या लोकांना कुणी काही शिकवू नये. कार कॅम्पिंगला आलेलं मराठी कुटुंब लांबून ओळखू येतं ते कुकरच्या शिट्टीवरून. कुकर न्यावाच. गॅस वाचतो, आणि कोसियुस्कोच्या बाजूला उंचावर मुक्काम असेल तर पाणी शंभर अंशांच्या बरंच खाली उकळतं, तिथे उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. दोन बर्नरची शेगडी घ्या आणि वाऱ्याला आडोसा करायला पत्रा घ्या. एस्कीत, म्हणजे आपल्या थंड पेटीत, बर्फाचे खडे भरण्यापेक्षा लादी ठेवावी. ती कितीतरी जास्त टिकते. दूध-दही एका एस्कीत आणि मुलांची पेयं दुसरीत ठेवा. मुलं दर दहा मिनिटांनी झाकण उघडणार, हे गृहीत धरायचं. शेगडी किंवा शेकोटीतले निखारे तंबूच्या आत कधी म्हणजे कधीही आणायचे नाहीत, बाहेर कितीही थंडी असली तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही.

अन्न रात्री तंबूत ठेवायचं नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. विल्सन्स प्रॉमंटरीला, म्हणजे इथल्या भाषेत ‘प्रॉम’ला, टायडल रिव्हरचा कॅम्प आहे. मेलबर्नहून साधारण तीन तासांचा रस्ता, पांढरी वाळू, ग्रॅनाइटचे गोल धोंडे आणि चहाच्या रंगाची नदी. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे इतकी झुंबड उडते की जागांसाठी चक्क सोडत काढतात. तिथले वॉम्बॅट दिसायला मऊ टेडीसारखे, पण चिवड्याच्या वासानं तंबूचं कापड फाडून आत येतात. शिवाय पोसम झिप उघडण्यात पटाईत. सगळं खाणं गाडीत, काचा बंद करून.

आता ज्या गोष्टी सामानाच्या यादीत नसतात पण असायला हव्यात त्या सांगते. ३१ डिसेंबर २०१९च्या सकाळी व्हिक्टोरियाच्या पूर्व टोकाच्या मल्लाकूटा गावात वणवा आला. सुट्टीचे दिवस, कॅम्पिंगला आलेली कुटुंबं, आणि गावातून बाहेर जाणारा एकच रस्ता बंद. सुमारे चार हजार माणसं समुद्रकाठी जमली. भर सकाळी आकाश काळं आणि मग लाल झालं. पुढे ३ जानेवारी २०२० रोजी नौदलाच्या ‘चूल्स’ या जहाजानं हजाराहून अधिक लोकांना तिथून बाहेर काढलं. तंबूचं कापड कोणतं, हा प्रश्न अशा वेळी कुणाला पडत नाही. वीज गेली, फोन गेले, की उरतो तो बॅटरीवरचा साधा रेडिओ. आपल्या वडिलांच्या ट्रान्झिस्टरसारखा एक डिकीत असावा आणि एबीसीचं स्थानिक केंद्र कुठे लागतं हे आधी शोधून ठेवावं. शुद्ध लोकरीची ब्लँकेटं (पॉलिएस्टरची नव्हे, ती वितळतात), वीस लिटर पिण्याचं पाणी, थोडी रोकड. आणि जंगलात शिरण्याआधी पेट्रोलची टाकी भरलेली. आगच कशाला, मार्च २०११ मध्ये प्रॉमला इतका पाऊस झाला की रस्ता तुटला आणि टायडल रिव्हरच्या लोकांना हेलिकॉप्टरनं बाहेर काढावं लागलं.

टोटल फायर बॅनच्या दिवशी शेकोटी पेटवायची नाही हे सगळ्यांना माहीत असतं. पण काही राज्यांत त्या दिवशी उघड्यावरची आपली छोटी गॅसची शेगडीसुद्धा चालत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. ज्या राज्यात जाणार तिथले नियम निघण्यापूर्वी वाचा, आणि त्या दिवसासाठी एक जेवण असं बरोबर ठेवा की ज्याला विस्तव लागत नाही. इथे आपली आजी सगळ्या ऑस्ट्रेलियाच्या पुढे आहे. दुधात भिजवलेल्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणीची चटणी, गुळपोळी! घाटावरच्या बायकांनी बैलगाडीच्या प्रवासासाठी शोधलेलं हे खाणं फायर बॅनसाठीच केल्यासारखं वाटतं.

आणखी एक. नदीकाठी रेड गमच्या गर्द सावलीत तंबू ठोकायचा मोह होतो. त्या झाडाची मांडीएवढी फांदी वारा नसतानाही, भर उन्हाळ्यात, काडकन खाली येते. इथले लोक अशा फांद्यांना ‘विडो मेकर’ म्हणतात. मरेच्या काठी एचुकाकडे गेलात तर झाड लांबूनच पाहा आणि सावलीसाठी वेगळी ताडपत्री न्या.

इथवर झाला डिकीचा संसार. त्यात चुकलंमाकलं तर फार तर एक रात्र गाडीत काढावी लागते. पाठीवरच्या बिऱ्हाडात तसं नसतं, म्हणून आता जरा बारकाईनं.

टास्मानियाचं सर्वांत उंच शिखर माउंट ओसा, १,६१७ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे ओसा कळसूबाईपेक्षा २९ मीटरनं ठेंगणं! हे ऐकलं की आपल्याकडचा अनुभवी ट्रेकर हसतो आणि सॅकमधून स्वेटर काढून ठेवतो. पण कळसूबाई विषुववृत्ताच्या उत्तरेला एकोणीस-वीस अंशांवर आहे आणि ओसा दक्षिणेला जवळजवळ बेचाळीस अंशांवर. पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्याला दक्षिण महासागरावर अडवायला हजारो मैल काहीच नसतं. त्यामुळे क्रेडल माउंटनपासून लेक सेंट क्लेअरपर्यंतच्या ६५ किलोमीटरच्या ओव्हरलँड ट्रॅकवर जानेवारीतही बर्फ पडू शकतो, आणि पडतो. वाटेवर लाकडी झोपड्या आहेत. तरीही प्रत्येकानं तंबू बरोबर नेलाच पाहिजे असा नियम आहे, कारण झोपडी भरलेली असू शकते आणि दोन झोपड्यांच्या मध्ये हवा कधी फिरेल याचा भरवसा नाही.

सह्याद्रीत जुलैच्या पावसात आपण मुद्दाम भिजायला जातो. तो पाऊस कोमट असतो. चिंब होऊन दिवसभर चाललो तरी संध्याकाळी चहा-भजी खाऊन माणूस ठणठणीत. इथे चार अंशांच्या पावसात, वाऱ्यात, सुती कपडे भिजले की अंगातली उष्णता झपाट्यानं निघून जाते. आधी थरथर, मग बोबडं बोलणं, मग थरथर थांबते आणि माणूस म्हणतो, “मला काही होत नाहीये, थोडं बसतो.” याला हायपोथर्मिया म्हणतात आणि त्यात माणसं दगावतात. म्हणून पाठीवरच्या प्रवासात जीन्स आणि सुती टी-शर्ट यांना रजा. अंगालगत मेरिनो लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा थर्मल, वर फ्लीस, त्यावर टोपीसकट खरा जलरोधक कोट. दुकानात “शॉवरप्रूफ” लिहिलेला कोट टास्मानियात अर्धा तास टिकतो. छत्री पहिल्याच खिंडीत उलटी होते. कोरड्या कपड्यांचा एक जोड जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सॅकच्या तळाशी ठेवायचा आणि तो फक्त झोपताना घालायचा. मोह झाला तरी सकाळी परत ओलेच कपडे चढवायचे. क्रूर वाटतं, पण कोरडा जोड हा आपला विमा आहे. लोकरीची माकडटोपी मात्र खुशाल न्या. अठरा डॉलरच्या ‘बीनी’पेक्षा ती कान आणि गळा जास्त चांगले झाकते, मुलांना लाज वाटते ती पहिल्या रात्रीपर्यंतच.

पैसे खर्च करायचे तर कुठे, असं विचाराल तर मी झोपण्याच्या बॅगवर बोट ठेवीन. स्लीपिंग बॅगवर बहुधा तीन आकडे असतात: कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. हे आकडे युरोपातल्या ईएन १३५३७ या मानकातून आले, त्याची जागा आता आयएसओ २३५३७ नं घेतली आहे. कम्फर्ट म्हणजे सर्वसाधारण स्त्रीला ज्या तापमानाला सुखानं झोप लागेल तो आकडा. लिमिट म्हणजे सर्वसाधारण पुरुष अंग चोरून, मुटकुळं करून रात्र काढेल तो. आणि एक्स्ट्रीम म्हणजे त्या तापमानाला माणूस काही तास जगेल, झोप वगैरे विसरा! स्वस्त बॅगांवर नेमका हा शेवटचा आकडा मोठ्या ठशात छापलेला असतो. “उणे दहा” वाचून माणूस खूश होतो. आपण पाहायचा तो कम्फर्टचा आकडा. त्यातून आपल्यापैकी पुष्कळांची हाडं कोकणात नाहीतर मराठवाड्यात मुरलेली, तेव्हा त्यातही दोन-तीन अंश सोडून द्यावेत. टास्मानियाच्या किंवा व्हिक्टोरियाच्या उंच भागातल्या उन्हाळ्यासाठी मी कम्फर्ट शून्याच्या आसपास किंवा त्याखाली असलेली बॅग घेईन.

पिसांची की कृत्रिम धाग्याची? बदकाच्या किंवा हंसाच्या मऊ पिसांची बॅग वजनाला हलकी, दाबली तर छोटीशी होते आणि नीट ठेवली तर पुष्कळ वर्षं टिकते. पण भिजली की तिचा चोथा होतो आणि ऊब संपते. कृत्रिम धाग्याची स्वस्त, ओलीतही थोडीफार ऊब देते, पण जड आणि सॅकमधली निम्मी जागा खाते. शुद्ध शाकाहारी घरांतून पिसांबद्दल प्रश्न येतो, तो रास्त आहे. त्यांनी थोडं वजन पत्करून कृत्रिम घ्यावी. कोणतीही घेतलीत तरी घरी ती छोट्या पिशवीत कोंबून ठेवू नका. मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवा, नाहीतर दोन वर्षांत दबून पातळ होते.

बॅगेखाली मॅट हवीच. आपल्या वजनानं बॅगेचा खालचा भाग दबतो आणि दबलेलं कापूस काय, पीस काय, ऊब देत नाही. कॅरीमॅट सह्याद्रीत आपण खडे टोचू नयेत म्हणून नेत होतो. इथे ती थंडी अडवण्यासाठी न्यायची. मॅटवर आर-व्हॅल्यू नावाचा आकडा असतो. जितका मोठा, तितकी थंडी कमी. थंड प्रदेशाला तीनच्या वरची घ्यावी. बर्फात जायचं तर पाचच्या वरची.

सॅक सगळ्यांत शेवटी घ्यायची, हे ऐकून लोक चकित होतात. पण आत काय जाणार हे ठरल्याशिवाय पिशवी किती मोठी हवी हे कसं कळणार? पाच-सहा दिवसांच्या चालीला साठ ते सत्तर लिटरची पुरते. माप आपल्या उंचीचं नसतं, पाठीचं असतं. मान खाली घातल्यावर मानेच्या मुळाशी जे हाड वर येतं तिथपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत. चांगल्या दुकानात सॅकमध्ये वजनाच्या पिशव्या घालून देतात. ती चढवून दुकानात वीस मिनिटं फिरायला लाजू नका. कमरेचा पट्टा कमरेच्या हाडावर घट्ट बसला पाहिजे. ओझं खांद्यावर नाही, कमरेवर तोलायचं. डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी नेणाऱ्या बायकांना हे तत्त्व कुणी शिकवलं नव्हतं. एकूण ओझं आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास राहिलं तर चालण्याचा आनंद मिळतो. चौथ्या हिश्श्यापुढे गेलं की नजर फक्त बुटांवर राहते. साठ किलोच्या बाईला म्हणजे बारा, फार तर पंधरा किलो. त्यात पाणीही आलं, आणि एक लिटर म्हणजे एक किलो हे गणित कुठल्याही दुकानात बदलत नाही.

शेगडीबद्दल थोडक्यात. निव्वळ ब्यूटेनचे स्वस्त डबे शून्य अंशाच्या जवळ गेले की वायू होत नाहीत, शेगडी पेटत नाही. थंडीत प्रोपेन मिसळलेले घ्यावेत. इथल्या बुशवॉकरांची लाडकी म्हणजे स्वीडनची ट्रँगिया, मिथिलेटेड स्पिरिटवर चालणारी. आवाज नाही, पंप नाही, बिघडायला काही नाही. फक्त वेळ लागतो. आपल्या आयांनी पंपाचा स्टोव्ह पेटवायला जे स्पिरिट वापरलं तेच हे! विमानानं टास्मानियाला जाताना गॅसचे डबे किंवा स्पिरिट नेता येत नाही, म्हणून इंधन लॉन्सेस्टनला उतरल्यावर घ्यायचं आणि शेगडी धुऊन, वास घालवून न्यायची. ओव्हरलँड ट्रॅकवर शेकोटीला बंदी आहे, तेव्हा शेगडीला पर्याय नाही. टास्मानियात ताजी फळं-भाज्याही नेता येत नाहीत. कढीपत्ता, कोथिंबीर, मिरच्या त्यात आल्या. विमानतळावरचा कुत्रा हुंगून काढतो.

म्हणून फोडणी घरीच करून न्यायची. रवा खमंग भाजून त्यात मोहरी, कढीपत्ता, डाळ घातलेली कोरडी फोडणी मिसळली की उकळतं पाणी ओतून पाच मिनिटांत उपमा. मऊ भात, मेतकूट आणि डबीतलं तूप. मुगाच्या डाळीची खिचडी चालते, तूरडाळ नको. डिंकाचे किंवा दाण्याचे लाडू खिशात. दर दिवशी माणशी सहाशे-सातशे ग्रॅम कोरडं अन्न धरलं तर सहा दिवसांना चार किलो होतं. सॅक दररोज हलकी होत जाते, हे सुख वेगळंच.

सापांची भीती सगळ्यांना असते. पायघोळ जाड पॅन्ट, घोट्यावर गेटर आणि दोन रुंद इलॅस्टिक बँडेज, एवढं प्रत्येकाकडे असावं. दंश झालाच तर जखम धुवायची नाही, चिरायची नाही, वर दोरी आवळायची नाही. दंशाच्या जागेपासून सुरू करून सगळा हात किंवा पाय घट्ट बँडेजनं गुंडाळायचा, काठी बांधून तो हलू द्यायचा नाही, आणि माणसालाही चालू द्यायचं नाही. मेलबर्नचे डॉक्टर स्ट्रुअन सदरलँड यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत शोधली. ती इथल्या सापांसाठी आहे, हे लक्षात ठेवा. सह्याद्रीतल्या फुरशा-घोणसाच्या दंशाला अशी घट्ट पट्टी बांधू नये.

माणसाला चालू द्यायचं नाही, मग मदत कशी बोलवायची? पीएलबी, म्हणजे काडेपेटीपेक्षा थोडं मोठं असं आणीबाणीचं बीकन. झाकण उघडून बटण दाबलं की ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला संदेश जातो आणि शोधपथक निघतं. विकत घेतलं तर ते सागरी सुरक्षा प्राधिकरणाकडे, म्हणजे ‘अ‍ॅम्सा’कडे, नोंदवावं लागतं, नोंदणीला पैसे पडत नाहीत. न्यू साउथ वेल्सच्या काही राष्ट्रीय उद्यानांत आणि पोलिस ठाण्यांत, ब्लू माउंटन्ससकट, ते फुकट उसनं मिळतं. आमच्या ओळखीच्या एका घरी मुलगा एकटाच मित्रांबरोबर जायला निघाला तेव्हा त्याच्या आईनं नवा कॅमेरा की पीएलबी असा प्रश्न टाकला. घरात दोन दिवस अबोला होता. पीएलबी आलं.

खर्चाचं काय? हे सगळं एकदम नवं घ्यायचं तर दोन-अडीच हजार डॉलर कुठे गेले कळत नाही. पहिल्या दोन फेऱ्या भाड्याच्या सामानावर करा. सॅक, तंबू, बॅग सगळं भाड्यानं मिळतं. मग स्वतःला काय सोसतं ते कळतं. जानेवारी संपताना आणि जूनअखेर सेल असतात. ऑप शॉपमध्ये लोकरीचे स्वेटर आणि पातेली उत्तम मिळतात. मंडळात एक सामायिक तंबू-पेटी करावी, असं मी गेल्या वार्षिक सभेत सुचवलं होतं, पुन्हा सुचवते. आपल्या प्रत्येकाच्या गॅरेजमध्ये वर्षातले तीनशे साठ दिवस एक तंबू लोळत असतो.

या दुकानांची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. फ्रँक ऊर्फ पॅडी पॅलिन हा इंग्लंडहून आलेला माणूस. १९३०च्या मंदीत सिडनीत त्याची नोकरी गेली. सिडनी बुश वॉकर्स हा क्लब १९२७ पासून होता, त्यात तो जाऊ लागला, आणि त्याला दिसलं की चालणाऱ्यांना हलकं सामान हवं आहे पण ते कुणी बनवत नाही. घरच्या घरी शिवणयंत्रावर त्यानं सॅक आणि तंबू शिवायला सुरुवात केली. परक्या देशात नोकरी गेलेला माणूस शिवणयंत्रापाशी बसतो आणि त्यातून दुकानं उभी राहतात, हे आपल्या वाचकांपैकी अनेकांना फार लांबचं वाटणार नाही. पॅडी १९९१ साली गेले, नाव अजून पाटीवर आहे.

शेवटी बूट. बुटांसाठी दुकानात दुपारनंतर जा, कारण दिवसभरात पाय सुजतात, आणि जाड मोजे घालून माप द्या. नवे बूट ट्रेकच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. महिनाभर घराजवळच्या रिझर्व्हमध्ये चालवा. आणि हे बूट घेऊन जुलैत भारतात जाणार असाल, पुण्याच्या जुन्या मित्रांबरोबर राजगड करणार असाल, तर परत येण्याआधी दातकोरणं घेऊन तळव्यांतली सगळी लाल माती काढा, घासून धुवा, वाळवा आणि विमानतळावर ते जाहीर करा. धुतलेले असले तरी जाहीर करायचेच. तंबूच्या खुंट्यासुद्धा. अधिकारी बूट उलटे करून बघतो, समाधान झालं तर परत देतो. माती सापडली तर कधी तिथेच धुऊन देतात. जाहीर न करता सापडली, तर दंडाची रक्कम नव्या बुटांपेक्षा जास्त असते.